ग्रुप आहे ना, मग ब्लॉग कशाला?

बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी दहा-पंधरा जणांनी, त्यातही जणींनी, आपापसात लिहायचं, एकमेकींचं वाचायचं आणि ते बाहेर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, की सल्ल्यांना ऊत येतो. व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढा, झालं. ग्रुपवर लांबलचक मजकूर नको असेल तर ब्लॉगर घ्या, फुकट आहे. फारच भीती वाटत असेल तर एक पासवर्ड टाकून द्या. तेवढ्यानेही समाधान होत नसेल तर कॉम्प्युटरवाल्या पोराला सांगा, तो तासा-दोन तासांत वर्डप्रेस बसवून देतो. शेवटी सगळी सॉफ्टवेअरं सारखीच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, मुळात लपवण्यासारखं एवढं आहे तरी काय? हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की विरोध करणारा अडेलतट्टू ठरावा. तरीही विरोध करायलाच हवा, कारण यातलं एकही वाक्य तपासाला टिकत नाही. सभासदांपुरत्या ब्लॉगसाठी सॉफ्टवेअर निवडणं हे रंग आणि मांडणी निवडण्याचं काम नव्हे. कुणी वाचायचं, कुणाला कधी थांबवायचं आणि लिहिलेलं शेवटी कुणाच्या हातात राहायचं, याचा तो निर्णय आहे. तो निर्णय फुकट मिळतं म्हणून किंवा फोनमध्ये आधीच आहे म्हणून घ्यायचा नसतो.

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या बेफिकिरीचं मूळ तिथे आहे. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, फडाच्या आसपास बांधलेली कोपी, आणि हंगाम संपला की परत. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. आकडे बाहेर आले हे चांगलंच झालं. पण आकड्यांबरोबर गावांची नावं आली, चेहरे आले, कॅमेऱ्यासमोर पदर डोक्यावर ओढून बसलेल्या बायका आल्या. ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांनी स्वतः, स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं मात्र फारसं काही आलं नाही. आता त्याच घरांतल्या शिकलेल्या मुली आईचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू शकतात, उतरवून काढू शकतात, तसंच सोसलेल्या दुसऱ्या घरातल्या बाईला वाचून दाखवू शकतात. उचल किती घेतली, फिटली किती, अंगावर किती राहिली, डॉक्टर काय म्हणाला, मुकादम कसा वागला. यात लपवण्यासारखं काय, असं विचारणाऱ्याने हे सगळं आपल्या नावानिशी छापावं आणि पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या टोळीत कामाला जाऊन दाखवावं.

आडनावाचं तर बोलायलाच नको. ज्या जिल्ह्यात २०२५ मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या नावपट्टीवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवायची वेळ आली, तिथे लेखाखाली पूर्ण नाव दिसलं की वाचणारा मजकुराआधी जात वाचतो हे वेगळं सांगायला नको. सभासदांपुरत्या जागेत 'सुनीता' एवढंच नाव पुरतं, कारण सुनीता कोण हे बाकीच्यांना ठाऊक असतं आणि बाहेरच्याला ते ठाऊक असण्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. 'लपवण्यासारखं काही असेल तरच' अशी अट त्यात घातल्याचं कुणी दाखवून द्यावं.

दुसरा आक्षेप जरा शहाण्या माणसांकडून येतो. बंद दाराआडचं लेखन मरतं, म्हणतात. साहित्य चव्हाट्यावरच जगतं. हे मराठीत बोलायचं म्हणजे कमालच आहे. मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथांत ज्याची गणना होते ते लीळाचरित्र आणि महानुभाव पंथाचं इतर वाङ्मय कित्येक शतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत, पंथाच्या माणसांपुरतंच राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकाला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. मेलं का ते लेखन? मठामठांत त्याच्या नकला होत राहिल्या, आणि नकला करणारी माणसं होती म्हणूनच ते टिकलं. मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहायला हवी, आणि सॉफ्टवेअर निवडणाऱ्याने ती जास्त नीट पाहायला हवी. महानुभावांनी अक्षरांनाच कुलूप घातलं होतं, त्यामुळे लिपी जाणणारा नसेल तिथे पोथी हातात असूनही मुकी. आपल्याला कुलूप हवं ते वाचणाऱ्याच्या वाटेवर. मजकूर आत साध्या, उघड, कुठेही नेता येईल अशा रूपातच असला पाहिजे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकून ठेवलेल्या फायलींचं दुसऱ्या संगणकावर काय होतं हे मराठवाड्यातल्या कुठल्याही छापखानेवाल्याला विचारा. म्हणून पहिली अट युनिकोडची, आणि दुसरी अशी की सगळं लेखन, प्रतिक्रियांसकट, एका फाइलमध्ये बाहेर काढता आलं पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायची वाट नाही, ते कितीही गोड दिसो, यादीतून खोडून टाकावं.

आता ग्रुपकडे वळू. व्हॉट्सअॅपच्या बाजूने एक गोष्ट खरीच आहे: ते सगळ्यांच्या हातात आहे आणि फडावरच्या कमजोर रेंजमध्येही चालतं. एवढं मान्य. पण खासगीपणाच्या बाबतीत त्याची जी आरती ओवाळली जाते ती कशाच्या जोरावर? संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात म्हणून? ते वाटेतल्या चोरापासून रक्षण झालं. इथे चोर वाटेत नाही, तो ग्रुपमध्येच बसलेला असतो किंवा उद्या येणार असतो. ग्रुपमध्ये पाय ठेवला की तुमचा मोबाइल नंबर बाकीच्या सगळ्यांपुढे उघडा पडतो. पन्नास जणींच्या ग्रुपमध्ये एकीचा फोन घरातल्या भलत्याच माणसाच्या हातात असला, तर उरलेल्या एकोणपन्नास जणींचे नंबर त्याच्या हातात. ज्या घरात मिळून एकच स्मार्टफोन आहे तिथे तर ग्रुप म्हणजे उघडी वही. चॅटला कुलूप लावता येतं म्हणून सांगणारे भेटतात; सासरच्या फोनमध्ये सुनेने एकच चॅट कुलूपबंद ठेवली तर त्या घरात काय प्रश्न विचारले जातील याचा विचार त्यांनी केलेला नसतो. ब्लॉगवरून निदान वाचून झाल्यावर बाहेर पडता येतं, आणि लेखाची प्रत ग्रुपसारखी फोनवर साठून राहत नाही.

प्रतीचाच मुद्दा खरा कळीचा. ग्रुपवर टाकलेला मजकूर प्रत्येकाच्या फोनवर जाऊन बसतो. एखाद्या सभासदाचं बिनसलं, त्याला काढून टाकलं, तर तो पुढचं वाचू शकत नाही एवढंच. मागचं सगळं त्याच्याकडे आहे आणि राहणार. सभासदांपुरत्या ब्लॉगवर खातं बंद केलं की मागचंही बंद. यावर लगेच उत्तर येतं: स्क्रीनशॉट कुणी थांबवलाय? कुणीच नाही. पण एका बोटाने पन्नास ठिकाणी पुढे ढकलणं आणि मुद्दाम बसून पंधरा पानांचे फोटो काढणं यात फरकच नाही, असं म्हणायचं असेल तर मग घराला दारही कशाला हवं, भिंत फोडून चोर येऊ शकतोच की. मजकूर फुटतो तो बहुतेक वेळा दुष्टपणाने नव्हे, 'बघ ना हिने किती छान लिहिलंय' या कौतुकाने, आणि ते कौतुक फक्त एका फॉरवर्डच्या अंतरावर असतं. माजलगाव वडवणीचा शेजार. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान तिथे जाळपोळ झाली, बीडमध्ये संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावं लागलं. अशा दिवसांत कुणाचं कुठलं वाक्य कुठल्या ग्रुपवरून कुठे जाऊन काय अर्थाने वाचलं जाईल, याची हमी ग्रुपचा अॅडमिन देणार आहे का?

लेखनाचा साठा म्हणूनही ग्रुप कुचकामी. नव्याने आलेल्या सभासदाला गेल्या वर्षीचे लेख दिसत नाहीत. दोन महिन्यांपूर्वीचा मजकूर शुभ सकाळच्या गुलाबांखाली, वाढदिवसाच्या केकांखाली आणि कुणाच्या तरी हरवलेल्या म्हशीच्या फोटोखाली गाडला गेलेला असतो. फोन बदलला, बॅकअप राहिला, संपलं. 'नवीन लेख आलाय' एवढी एक ओळ कळवायला ग्रुप जरूर वापरावा. लेख मात्र तिथे टाकू नये.

मग येतात ब्लॉगरवाले. फुकटची गोष्ट पौष्टिक असते असा आपल्याकडे समजच आहे. ब्लॉगर १९९९ चं, गूगलने २००३ मध्ये विकत घेतलेलं, आणि मराठी ब्लॉगलेखनाचा मोठा काळ त्यावर गेला हे नाकारायचं कारण नाही. ठरावीक वाचकांपुरतं ठेवायची सोयही त्यात आहे. पण वाचक आला की तो गूगलच्या खात्यानेच आला पाहिजे. ज्या बाईच्या फोनमधलं गूगल खातं दुकानदाराने फोन विकताना स्वतःच उघडून दिलं, आणि ज्याचा पासवर्ड दुकानदाराखेरीज कुणालाच ठाऊक नाही, तिला ईमेलवर आमंत्रण पाठवणार कुठे? शिवाय मालक कोण हा प्रश्न आहेच. गूगल प्लस बंद करायचं ठरलं तेव्हा २०१९ मध्ये त्यामार्फत ब्लॉगरवर दिलेल्या प्रतिक्रियाही पुसल्या गेल्या. ब्लॉग तुमचा, लेख तुमचा, बोलणारी माणसं तुमची. प्रतिक्रिया मात्र कंपनीच्या मर्जीने गेल्या. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. तिथे जमलेल्या मराठी गप्पांचं काय झालं, हे 'गूगल थोडंच बंद पडणारे' म्हणणाऱ्यांनी शोधून पाहावं. गूगल बंद पडत नाही. कंपनीला जिचा कंटाळा येतो ती सेवा बंद पडते.

'एक पासवर्ड टाकून द्या' हा सल्ला तर हसण्यावारी न्यावा असा, पण दिला जातो गंभीर चेहऱ्याने. एका पासवर्डवर पंधरा माणसं म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजाची एकच किल्ली अख्ख्या गल्लीत फिरवणं. एकीला काढायचं असेल तर उरलेल्या चौदा जणींचा पासवर्ड बदला, सगळ्यांना पुन्हा कळवा, आणि कळवणार कुठे, तर ग्रुपवरच! कुणी काय वाचलं, फुटलं तर कुणाकडून फुटलं, याचा पत्ता लागणं अशक्य. वर्डप्रेसमध्ये लेखाला पासवर्ड लावला तरी लेखाचं शीर्षक बाहेरच्याला दिसतच राहतं, ही गंमत सल्ला देणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असते? 'माझ्या आईचं ऑपरेशन' असं शीर्षक दिसल्यावर खालचा मजकूर झाकला काय आणि न झाकला काय. घोस्ट नावाचं सुबक, २०१३ पासूनचं सॉफ्टवेअर आहे. त्याची संपूर्ण साइट बंद ठेवायची सोयदेखील याच एका सामायिक पासवर्डवर उभी आहे, आणि सभासदांना वेगवेगळं आत घेण्याची त्याची रीत ईमेलवर येणाऱ्या दुव्याची आहे. न्यूयॉर्कच्या वार्तापत्राला ते शोभतं. ज्यांनी आयुष्यात ईमेल उघडलेलं नाही त्यांच्यासाठी ते नाही, एवढं बोलून पुढे जाऊ.

'सगळी सॉफ्टवेअरं सारखीच' हे वाक्य मात्र इतक्या झटपट सोडता येणार नाही, कारण याच वाक्याच्या आडोशाने सगळ्यात मोठी फसगत होते, आणि तीही फसवण्याचा हेतू नसलेल्या माणसांकडून. वर्डप्रेसचंच घ्या. २००३ पासूनचं, मुक्त परवान्याचं, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. त्यात लेख 'खासगी' करायचा पर्याय आहे. कॉम्प्युटरवाला पोरगा तो टिचकी मारून दाखवतो आणि म्हणतो, झालं खासगी. प्रत्यक्षात तो लेख फक्त प्रशासक आणि संपादक दर्जाच्या खात्यांना दिसतो. साध्या वाचक-सभासदाला दिसतच नाही. मग सभासद तक्रार करतात, आणि तक्रार मिटवण्यासाठी पोरगा सगळ्यांना संपादक करून टाकतो. आता पंधरा जणींपैकी कुणीही कुणाचाही लेख बदलू शकते, पुसू शकते. दुसरी टिचकी 'शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये' अशी. ही नुसती विनंती आहे. ती पाळणं न पाळणं समोरच्यावर, आणि पत्ता हाती लागलेल्या माणसाला तर तिचा काहीच अडथळा नाही. तरी त्या टिचकीवर विसंबून 'आपला ब्लॉग गूगलला सापडत नाही म्हणजे बंद आहे' असं समजणारे कमी नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातक, कारण ती दिसतच नाही. समजा प्लगिन बसवून साइटला लॉगिनची सक्ती केली. पान उघडायला गेलं की लॉगिन मागितलं जातं, सगळे खूश. पण लेखात घातलेला फोटो, आईच्या आवाजाची फीत, शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत, हे सगळं वर्डप्रेस अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. आत वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा, त्यात फाइल, आणि फाइलचं नाव तुम्ही दिलेलं तेच. या फाइली सर्व्हर थेट वाढतो. त्या वाटेवर वर्डप्रेसला कुणी विचारतही नाही की मागणारा सभासद आहे की नाही. म्हणजे लेख कुलपात आणि त्यातला कागद रस्त्यावर. पत्ता कळलेला कोणीही, लॉगिन न करता, तो कागद उघडू शकतो. हे काही गुपित नाही, जाणकारांना वर्षानुवर्षं ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि त्यावर उपायही आहेत: त्या फोल्डरवर सर्व्हरच्या पातळीवर बंदी घालून प्रत्येक फाइल खातं तपासूनच द्यायची व्यवस्था करता येते. पण तासा-दोन तासांत ब्लॉग बसवणाऱ्याने ते केलेलं असतं का? आणि सगळी सॉफ्टवेअरं सारखीच म्हणणाऱ्याने हे सांगावं की द्रुपल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खासगी फाइलींची वेगळी सोय मुळातच का असते? सारखं असतं तर हा फरक कुठून आला?

द्रुपलचं नाव घेतलं ते उगाच नाही. मराठीत सभासदांपुरतं लेखन काल-परवाचं नाही. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासूनचं. तिथे महिलांचा 'संयुक्ता' हा गट झाला, मिसळपाववर 'अनाहिता'. मराठी बायकांनी पाळीपासून पगारापर्यंत मोकळेपणाने लिहायचं ठरवलं तेव्हा त्या चव्हाट्यावर गेल्या नाहीत. सदस्यत्व मागून घ्यावं लागेल अशा जागी गेल्या. ही दोन्ही संकेतस्थळं द्रुपलवर चालत आली आहेत. कुणी काय पाहावं, कुणी काय लिहावं, कुणी कुठल्या गटात असावं, याची जितकी बारीक वाटणी द्रुपलमध्ये मुळातच आहे तितकी वर्डप्रेसमध्ये नाही. मग वडवणीच्या ब्लॉगने द्रुपलच घ्यावं का? नाही. सॉफ्टवेअरचे गुण पाहून भागत नाही, ते सांभाळणारं माणूस कुठे राहतं हेही पाहावं लागतं. मायबोली, मिसळपावच्या मागे संगणकाच्या धंद्यात मुरलेली माणसं होती. द्रुपल ७ ची मुदत ५ जानेवारी २०२५ ला संपली, आणि त्यापुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे घर पाडून नव्याने बांधण्यासारखंच काम. ते करणारं माणूस पुण्यात मिळेल, वडवणीत शोधावं लागेल. वर्डप्रेस येणारा माणूस मात्र बीडला, अंबाजोगाईला, माजलगावला सापडतो. म्हणून निवड वर्डप्रेसचीच, पण ती 'सगळं सारखंच' म्हणून नव्हे. ते कुठे कमी पडतं हे पक्कं ठाऊक असताना आणि ती उणीव पहिल्या दिवशी भरून काढायच्या अटीवर.

देवनागरीतले चटकेही आधीच माहीत असलेले बरे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याचा पत्ता तयार करतं, त्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा, आणि देवनागरीचं एकेक अक्षर किंवा काना-मात्रा तिथे नऊ जागा खाते. म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या सुमाराला पत्त्यातलं शीर्षक तोडलं जातं. पत्ता हाताने, छोटा, आणि मजकुराचा सुगावा न देणारा ठेवावा हे उत्तम, 'लेख-१७' पुरे. खात्याचं नाव रोमन लिपीतच लागतं, पण लेखाखाली दिसणारं नाव देवनागरीत ठेवता येतं, तेव्हा तिथे अडू नये. मोबाइलवर ओटीपी पाठवून आत घ्यायची कल्पना सगळ्यांना सुचते. भारतात तसे एसएमएस पाठवायला संस्थेची आणि मजकुराची दूरसंचार कंपन्यांकडे नोंदणी लागते, दहा-पंधरा जणींच्या गटाला तो व्याप परवडत नाही. खातं हाताने उघडावं, नाव आणि पासवर्ड समोरासमोर बसून द्यावा, दोनदा उघडून-मिटून दाखवावं. जुनाट वाटेल. पण प्रत्येक सभासद कुणाच्या तरी ओळखीने, कुणाच्या तरी समोर आत आलेली असते, ही त्यातली सगळ्यात भक्कम गोष्ट आहे.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो पैशाचा आणि कटकटीचा. डोमेन घ्या, होस्टिंग घ्या, अद्ययावत ठेवा, कोण करणार? डोमेन आणि साधं होस्टिंग मिळून वर्षाचा खर्च काही हजार रुपये. दहा-पंधरा जणींत वाटला तर महिन्याच्या रिचार्जपेक्षा फार वेगळा नाही. प्लगिन आपोआप अद्ययावत करायची सोय वर्डप्रेसमध्ये २०२० पासून आहे, आणि प्लगिन मोजके ठेवले तर कटकटही मोजकीच राहते. खरी कटकट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: डोमेन कुणाच्या नावावर? बहुतेक ठिकाणी ते बसवून देणाऱ्या पोराच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर असतं. पोरगा नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची आठवण जुन्या नंबरवर येऊन पडते, आणि एके दिवशी ब्लॉगच्या जागी भलतंच काहीतरी उघडतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने सांगितलेलं काम केलं. डोमेन गटातल्या एकीच्या नावावर, प्रशासकाची खाती निदान तिघींकडे, आणि महिन्याला एकदा सगळ्या मजकुराची प्रत काढून ती दोन वेगळ्या घरांत, एवढं लिहून घेतल्याशिवाय कामच सुरू करू नये. यात तंत्रज्ञान कुठे आहे? घराचा उतारा कुणाच्या नावावर आहे हे विचारणारी माणसं ब्लॉगच्या बाबतीत तोच प्रश्न विचारायला का लाजतात?

तेव्हा ज्याला वडवणीच्या या बायकांचा ब्लॉग बसवून द्यायचा आहे त्याने रंगीत मांडणी दाखवू नये. चार जणींसमोर बसावं. एका लेखात एखादा फोटो आणि आवाजाची एक फीत टाकावी, दोन्हींचे थेट पत्ते कागदावर उतरवून घ्यावेत. मग लॉगिन न केलेल्या दुसऱ्याच फोनवर ते पत्ते टाकून पाहावेत. एका सभासदाचं खातं बंद करावं आणि जुना लेख तिला अजून उघडतो का तेही बघावं. मग सगळा मजकूर बाहेर काढून दाखवावा, त्या फाइलीतलं मराठी वाचता येतं की नाही हे त्यांच्यापैकीच एकीने वाचून सांगावं. दुसऱ्या फोनवर फोटो उघडला, तर त्या दिवशी पैसे देऊ नयेत आणि कुणालाही काही लिहायला सांगू नये.